एकोणीस घरांतले डोळे

वारंगा फाट्यावर दुकान टाकणाऱ्याला आधी धुळीशी सोयरीक करावी लागते. नांदेडकडचा ट्रक असो की हिंगोलीकडची एसटी, फाट्यावर येऊन ब्रेक मारणार आणि जाताना रस्त्याची निम्मी माती दुकानात ओतून जाणार. म्हणून २००२ साली रणजीत राठोडनं आपल्या फोटो स्टुडिओसाठी जुना कॉम्प्युटर आणला, तेव्हा पहिला प्रश्न पडला तो हे धूड ठेवायचं कुठं हाच. विकणारा बजावून गेला होता, की आत धूळ गेली की खेळ खलास. अख्ख्या दुकानात बिनधुळीची जागा एकच, मागची डार्करूम. सहा बाय आठची खोली, दाराला दुहेरी काळा पडदा, फटींत काळा कागद कोंबलेला. तिथं धूळच काय, उजेडसुद्धा विचारल्याशिवाय येत नव्हता.

पण डार्करूममध्ये कॉम्प्युटर ठेवणं हा शुद्ध येडेपणा होता, आणि रणजीतची बायको दिपा तसं त्याला तोंडावर म्हणालीही. फोटो काढायचे त्यानं आणि धुवायचे तिनं, अशी त्यांची वाटणी होती. त्यामुळं त्या खोलीत राज्य तिचं. काळ्या-पांढऱ्या फोटोचा कागद लाल उजेड तेवढा सहन करतो. बाकी कुठल्याही उजेडाचा कण लागला, की डेव्हलपरच्या ट्रेमध्ये टाकल्यावर तो काळवंडतो. आणि कॉम्प्युटरचा पडदा म्हणजे नुसता उजेडाचा डबा. तो बंद करून ठेवावा, तर दिवसातून चार तास लाईट. एकदा बंद केलेलं यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत त्यातलाच एक तास निघून जायचा.

मग दिपानंच तोड काढली. मांडवातल्या दिव्यांना लावतात तो लाल जिलेटिनचा कागद आणला, लाकडी चौकटीवर ताणून बसवला आणि ती चौकट बिजागरीनं पडद्यापुढं टांगली. हवी तेव्हा वर उचलायची, नको तेव्हा खाली सोडायची. डब्यावरचे हिरवे-पिवळे बारके दिवे तिनं काळ्या चिकटपट्टीखाली गाडले. एवढं करूनही तिचा विश्वास बसला नाही. कोऱ्या फोटो-कागदावर तिनं रुपयाचं नाणं ठेवलं, लाल पडद्यापुढं दहा मिनिटं राहू दिलं आणि मग कागद डेव्हलपरमध्ये टाकला. उजेड खराब असेल तर उघडा कागद करडा होतो आणि नाण्याखालची जागा पांढरी राहते. तसा फिकट गोल उमटला. तिनं जिलेटिनचा दुसरा थर चढवला, पुन्हा नाणं ठेवलं. या वेळी कागद कोराच राहिला, तेव्हा कुठं तिनं कॉम्प्युटरला खोलीत नांदू दिलं.

आता हे सगळं कशासाठी, तर मेलेल्या माणसांसाठी.

त्या काळात आसपासच्या गावांत आणि तांड्यांवर अशी कितीतरी माणसं होती, की ज्यांचा जन्मात एक धड फोटो निघालेला नसे. माणूस गेला की त्याला अंघोळ घालायची, भिंतीला टेकवून बसवायचं, कपाळाला गंध लावायचं आणि तिरडी बांधण्याआधी रणजीतला बोलवायचं. रणजीत मोटारसायकलवर जायचा, मयताची मान धरून बसलेल्या भावाचा हात चौकटीबाहेर ठेवून फोटो काढायचा. आणि निघताना घरचं कुणीतरी हमखास म्हणायचं, "डोळे तेवढे उघडून द्या, भाऊ."

आधी तो डोळे पेन्सिलीनं काढायचा. त्या डोळ्यांनी मेलेला माणूस जास्तच मेलेला दिसायचा. कॉम्प्युटर आल्यावर ती अडचण सरली. काढलेला फोटो स्कॅनरनं आत घ्यायचा, पडद्यावर मयताच्या मिटलेल्या पापण्यांवर जिते डोळे बसवायचे, लाल चौकट वर उचलायची, प्रिंटर नव्हता म्हणून पडद्याचाच कॅमेऱ्यानं फोटो घ्यायचा आणि त्या निगेटिव्हवरून दिपानं मोठा फोटो करून द्यायचा. लोक फोटो बघून रडायचे. आपला बाप आपल्याकडं बघतोय म्हणायचे. एका म्हातारीच्या लेकीनं तर फोटो उराशी धरला तो चहा गार होईपर्यंत सोडला नाही. दिपानं एकदा विचारलं होतं, हे डोळे येतात कुठून? "सीडीत येतात," रणजीत म्हणाला होता, आणि तिनं तो विषय तिथंच सोडला होता.

दसऱ्याच्या सुमाराला फोटो करडे यायला लागले. काळ्यात काळेपणा नाही, पांढऱ्यात पांढरेपणा नाही. दिपाच्या हाताला ते सोसवेना. त्या दिवशी हट्टा गावच्या संतरामचा फोटो द्यायचा होता, तेरावा दुसऱ्या दिवशी, आणि गावची दोन माणसं पुढं बाकावर येऊन बसलेली. पहिला कागद करडा आला. दुसराही आला. तेव्हा तिनं हात पुसले आणि खोलीत एकदा नीट नजर फिरवली. पडद्याचा फोटो घेऊन झाल्यावर रणजीतनं बटन दाबून पडदा बंद केला होता, पण लाल चौकट वरच ठेवलेली होती. हल्ली रोज तेच करायचा. बंद म्हणजे बंद, त्याला कशाला झाकायचं, असा त्याचा हिशेब.

दिपानं पडदा क्षणभर चालू केला, पुन्हा बंद केला आणि बंद पडद्यापुढं कागद ठेवून वर नाणं ठेवलं. ट्रेमध्ये नाण्याचा गोल लख्ख उमटला. विझलेल्या पडद्यातून उजेड गळत होता!

हे स्वतः बघितल्याशिवाय तिला चैन पडेना. तिनं पडदा चालू केला, चौकट खाली सोडली, वरून गोधडी टाकली, लाल बल्ब मालवला आणि स्टुलावर बसून राहिली. माणसाच्या डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो. दहा मिनिटांनी तिनं डोळे घट्ट मिटून घेतले, चाचपडत गोधडी ओढली, चौकट उचलली, बटन दाबलं. मग डोळे उघडले.

पडदा बंद होता आणि संतराम तिथंच होता. राखेतल्या निखाऱ्याइतका मंद, हिरवट, अंधारात तरंगता चेहरा. हळूहळू तो विझायला लागला. आधी पागोटं गेलं, मग मिशा, मग गाल. शेवटी दोन डोळे तेवढे उरले. त्यांना आता चेहरा नव्हता. आणि चेहरा नव्हता म्हणूनच तिनं ते ओळखले. डावी पापणी जराशी खाली झुकलेली. अकरा वर्षं ती ज्या डोळ्यांशेजारी निजत आली होती, ते तिच्या नवऱ्याचे डोळे होते.

ती तशीच बाहेर आली. रणजीतला तिनं आत ओढलं. ही दोघं आपसात गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत बोलायची. इथं मी मराठीत सांगतो आहे, पण त्या बोलण्याची धार मराठीत अर्धीच उतरते.

"तुमचे डोळे लावले तुमी? तुमचे सोताचे?"

रणजीत आधी हसला. मग तिचं तोंड बघून हसू आवरलं. "कुनी देईना, मग काय करू? चहावाल्याला म्हनलं, कंपाउंडरला म्हनलं. मेलेल्या माणसासाठी डोळे म्हनलं की जो तो पळतंय. मंग तू काढला व्हता न्हाई का तो माझा फोटो, इलेक्शन कार्डाच्या टायमाला? त्यातले घेतले."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. एकोणीस झाले. बायांना जरा काजळ घालून."

"अन् त्या फोटोंला हार घालतात लोक! काहून कळत न्हाई तुमाला? जित्या माणसाला हार?"

आपल्याकडं जित्याच्या फोटोला हार घालणं म्हणजे मरणाला आवतण. हे दिपाला कुणी शिकवावं लागलं नव्हतं आणि रणजीतलाही नाही. पण तो म्हणाला, "हार फोटोला घालतात, डोळ्याला न्हाई." तिनं त्याच्या समोर उभं राहून कॉम्प्युटरमधले ते डोळे पुसायला लावले. संतरामचा फोटो मात्र त्याच डोळ्यांनिशी गावाला गेला. बाहेर माणसं ताटकळली होती, तेराव्याच्या घराला नाही कोण म्हणणार?

पुसलं म्हणजे मिटलं, असं तिनं मनाला समजावलं. दिवाळीला ती तांड्यावर माहेरी गेली. तांड्याच्या पुढाऱ्याच्या, वसराम नाईकाच्या घरी पाया पडायला वाकली आणि मान वर केली, तर भिंतीवरचा म्हातारा तिच्याकडं बघत होता. पागोटं नाईकाच्या बापाचं, नाक त्याचंच, सुरकुत्या त्याच्याच. डोळे रणजीतचे, आणि त्यांच्याखाली ताज्या झेंडूचा भरगच्च हार. तिनं हातातला लाडू तसाच पदरात बांधला. फाट्यावर परतली तेव्हा रणजीत रांजणापाशी उभा राहून डोळ्यांवर पाणी मारत होता. "सकाळपासून चुरचुरून राहिले," तो म्हणाला. औषधांच्या वाफेनं चुरचुरत असतील, किंवा तासन् तास पडद्यात बघून. पण दिपाचं काळीज तिथंच बसलं. एकोणीस घरांत एकोणीस हार तिच्या नवऱ्याचे डोळे ओढत होते, अशी तिची पक्की खात्री झाली.

त्या दिवसापासून तिनं एकच गोष्ट धरली. मूळच्या निगेटिव्ह तिनं जपून ठेवल्या होत्या, डोळे मिटलेल्या. त्यांवरून तिनं एकेकाचा नवा फोटो केला, शांत निजल्यासारखा. तो पिशवीत घालून ती घरोघर निघाली. सांगायची काय, तर कॉम्प्युटरचे फोटो वरसाभरात काळे पडतात, हा घ्या चांगला, तो द्या परत. धादांत खोटं. पण बाई कळवळून बोलते म्हटल्यावर लोक देऊन टाकत. आणलेला फोटो ती दुकानामागं जाळायची. जळताना त्या कागदाला चमत्कारिक वास यायचा, आणि डोळ्यांपाशी आग आली की ती मान फिरवायची.

नाईकाचा फोटो आणला त्या आठवड्यात रणजीतला एसटीची पाटी वाचता आली नाही. डोंगरकडा गावातून दोन आणले, तेव्हा त्याला समोरून येणाऱ्या माणसाचं तोंड ओळखू येईना, तो आवाजावरून नाव घ्यायला लागला. नांदेडला नेऊन डॉक्टरला दाखवलं. डॉक्टरनं बॅटरी मारली, थेंब टाकले, यंत्रात बघितलं आणि दोष कुठंच दिसत नाही म्हणाला. दिपाला त्यात नवल वाटलं नाही. जे हार राहिलेत ते जोर करून राहिलेत, असं तिनं ठरवून टाकलं, आणि महिन्याला एक घर करणारी बाई पंधरवड्याला एक घर करायला लागली. रात्री रणजीत तिच्या चेहऱ्यावरून हात फिरवायचा. "दिसतेस थोडीथोडी," म्हणायचा. ती पलीकडं तोंड करून रडायची आणि सकाळी पुन्हा पिशवी उचलायची.

पुढच्या दसऱ्यापर्यंत अठरा झाले. राहिला होता फक्त हट्ट्याचा संतराम.

निघताना रणजीत डार्करूममध्येच बसला होता. फोटो काढणं त्याचं केव्हाच सुटलं होतं, पण लाल उजेडात डोळ्यांना आराम वाटतो म्हणायचा. "मी बसतो हितंच," तो म्हणाला. "तू ये जाऊन." वसमतला गाडी बदलून ती हट्ट्याला पोचली तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं.

संतरामची बायको गोजरबाई चुलीपाशी भाकरी थापत होती. पन्नाशीची, काटक, कमी बोलणारी बाई. समोरच्या भिंतीवर संतराम होता, आणि जिथं बसून ती भाकरी करत होती तिथं त्याची नजर थेट पडत होती. दिपा पाणी प्यायली आणि तिनं आपलं ठरलेलं सांगितलं. नवा फोटो पुढं केला.

गोजरबाईनं तो पिठाच्या हातानं धरला, बघितला आणि परत दिला. "डोळे मिटलेला नको मला."

"पन मावशी, तो काळा पडतो..."

"पडू द्या. काळा पडला तरी चालंल." तिनं तव्यावरची भाकरी उलटली. "एक सांगू का, बाई? कुनाला बोलले न्हाई मी. मालक जिते व्हते तवा माझ्याकडं कवा बघायचे, तर भाकर करपली की. तीस वर्सं संसार झाला, पन नीट बघनं कसं असतंय ते मला म्हाईत नव्हतं. ह्या फोटोतले डोळे त्यांचे न्हाईत. मला कळत न्हाई व्हय? पन म्हनलं, कुनाचे का असनात. बघा की, कसं बघून राहिलेत. जसं कुनाला तरी आपन आवडतोय."

दिपानं वर बघितलं. आणि तिला आठवलं, की रणजीतचा तो इलेक्शन कार्डाचा फोटो काढताना कॅमेऱ्यामागं ती होती. रणजीत सारखा हसत होता, आणि ती म्हणाली होती, गप बसा, सरकारी फोटो हाय. तो गप बसला, पण डोळे नाही बसले. ती नजर तिची होती. तिच्यासाठी होती. ती नजर आणखी अठरा घरांत गेली, आणि इथं एक बाई वर्षभर त्या नजरेच्या उबेला भाकरी भाजत बसली होती. दिपाला गोजरबाईची दया आली, आणि खरं सांगायचं तर तेवढाच रागही आला.

"ते माझ्या मालकाचे डोळे हायत," ती म्हणाली. "जिते हायत ते. हाराखाली हायत म्हनून त्यांना दिसंना झालंय. मावशी, पाया पडते तुमच्या."

गोजरबाईचा हात पिठात थांबला. तिनं फोटोकडं बघितलं, दिपाकडं बघितलं, आणि खांद्यावर पडलेला पदर झटकन डोक्यावर ओढून घेतला. मग आणखी पुढं ओढला, कपाळ झाकेपर्यंत.

"जित्या माणसाचे?" ती हळूच म्हणाली. "परक्या? अन् मी ह्यांच्यापुढं वरीसभर... हितंच निजते मी, बाई. हितंच लुगडं बदलते."

ती उठली. फोटोकडं पाठ करूनच तिनं हात मागं नेऊन तो खिळ्यावरून काढला. हार खाली पडला. तिनं मागचा पुठ्ठा उचकटला, कागद ओढून काढला आणि न बघता चुलीत सारला. दिपा तो पूर्ण जळेपर्यंत थांबली. एकोणीस. तिला छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं. मिटल्या डोळ्यांचा संतराम तिनं कोनाड्यात ठेवला. निघताना ती काहीतरी बोलणार होती, पण गोजरबाई कपाळापर्यंत पदर ओढून भिंतीकडं तोंड करून बसली होती, आणि तव्यावरची भाकरी करपत होती.

परतीच्या गाडीत दिपाला कधी नव्हे ते भूक लागली. वसमतच्या स्टँडवर तिनं भजी घेतली, निम्मी रणजीतसाठी बांधून ठेवली. आता हळूहळू दिसायला लागेल, ती मनाशी म्हणत होती. आधी उजेड दिसेल, मग माणसं, मग अक्षरं. एकदम काही व्हायचं नाही, धीर धरायला पाहिजे.

दुकान उघडंच होतं. काळा पडदा सारून ती डार्करूममध्ये शिरली. रणजीत स्टुलावर तसाच बसला होता, दोन्ही हात मांडीवर ठेवून, अगदी ताठ.

"दिपा?"

"व्हय, मीच. भजी आणलीत."

"आधी बल्ब बदल गं. दुपारीच गेला तो. एकदम गेला. मी जागचा हाललो न्हाई, म्हनलं अंधारात कुठं ट्रेला धक्का लागंल, तुझे कागद खराब व्हतील."

त्याच्या डोक्यावर लाल बल्ब जळत होता. त्याचं कपाळ लाल दिसत होतं, गाल लाल, मांडीवरचे हात लाल. दिपा दाराशी उभी राहिली. तिनं दुपार आठवली, चूल आठवली, आणि नाईकाच्या घरापासून हट्ट्यापर्यंत भिंतीवरून उतरवून जाळलेला एकेक फोटो तिच्यापुढून गेला. तिनं आपल्या हातानं काय केलं ते तिला तेव्हा कळलं.

"बदलते," ती म्हणाली. तिचा आवाज नेहमीसारखा आला, याचं तिलाच आश्चर्य वाटलं.

ती जाऊन त्याच्या पुढ्यात बसली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. डावी पापणी जराशी झुकलेली होती. डोळे पूर्ण उघडे होते, त्यांत लाल उजेडाचा एकेक ठिपका होता, आणि ते तिच्या खांद्यावरून पलीकडं, ती मघाशी उभी होती त्या दाराकडं बघत होते.